धाकट्याचा जीवनपट

‘माझा धाकटा भाऊ गेला त्याला येत्या मार्गशीर्षात वर्ष होईल. सत्तावीस वर्षांचा होता. रात्री दुचाकीवरून घरी येताना रस्त्याकडेला उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळला. ट्रॉलीला मागे रिफ्लेक्टर नव्हता. मी पुण्यात नोकरीला आहे. गावी शेती, चार गाई, आई-वडील सगळं त्याच्याकडे होतं. चौदाव्या वर्षी त्यानं माळ घातली, तेव्हापासून आळंदी ते पंढरपूर पायी वारी. वडिलांना प्रथम पुण्यस्मरण मोठं करायचं आहे. नामांकित कीर्तनकार, मांडव, गावजेवण आणि स्मरणिका. स्मरणिकेतला जीवनपट मी लिहायचा असं ठरलंय. लिहितो आणि फाडतो. सगळं खोटं वाटतं. वडील म्हणतात, “त्यानं कधी आमचा शब्द मोडला नाही” हे वाक्य आलंच पाहिजे. पण शेवटचे चार महिने ते दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. शिवाय तो गेल्यापासून मी हरिपाठाला बसलेलो नाही. विठ्ठलाच्या फोटोकडे बघवत नाही. अशा माणसानं त्याच्या भक्तीवर काय लिहायचं? आई त्याच्या खोलीला हात लावू देत नाही. भावजय गप्प असते. पुतणी चार वर्षांची आहे. मी काय करू?’
– एक थोरला भाऊ, पुणे

नमस्कार दादा,

तुमचं पत्र बरंच लांब आहे. वर छापलंय ते मोजकंच, कारण बाकीच्यातून गाव ओळखू आलं असतं. पण मला विचाराल तर तुम्ही शोधताय तो जीवनपट त्या न छापलेल्या पानांतच पडलाय. त्यातलं थोडं, ओळख लपवून, पुढे वापरते.

आधी तुम्ही सोबत जोडलेल्या मसुद्याबद्दल बोलू. त्यात ‘धर्मनिष्ठ’ आहे, ‘मातृपितृभक्त’ आहे, ‘मनमिळाऊ’, ‘हसतमुख’, ‘सर्वांच्या हाकेला धावून जाणारा’ आहे आणि शेवटी काळानं घाला घातलाय. कुठल्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर चहा पिईपर्यंत हे सगळे शब्द वाचून होतात. फ्लेक्सवर प्रत्येक गेलेला तरुण मनमिळाऊच असतो. चिडका, आळशी, उधारी बुडवणारा असा कुणी मरतच नाही जणू. ते शब्द खोटे असतात असं मी म्हणत नाही. तुमचा भाऊ मनमिळाऊ असेलही. पण ते कुणालाही लागू पडतात, म्हणून तुम्हाला लिहिताना खोटं वाटतं. कागद फाडताय ते योग्यच करताय.

आता तुमच्याच पत्रातलं पाचवं पान काढा. तिथं तुम्ही कंसात, जाता जाता लिहिलंय की एका वर्षी पालखी लोणंदला असताना वडिलांचा फोन गेला, गाय अडलीय म्हणून. तो रात्रीच्या एसटीनं घरी आला. पहाटेकडे गाय सुटली, कालवड झाली. दुसरा दिवस त्यानं गोठ्यातच काढला आणि तिसऱ्या दिवशी फलटणला जाऊन दिंडी गाठली. विणेकऱ्यांनी विचारलं, ‘काय रे, वारी मोडली?’ तर म्हणाला, ‘मोडली नाही माउली, घरावरून आली.’

हे तुम्ही कंसात टाकलंत! आणि ‘मातृपितृभक्त’ ठळक अक्षरांत.

पंढरपूरची कथा आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत असते. पुंडलिक आई-बापाच्या सेवेत होता, दारात देव आला, त्यानं वीट फेकली आणि म्हणाला, थांब जरा. देव थांबला. अजून थांबलाय. घर आणि देव यांत कुणाला आधी बघायचं, या प्रश्नाचा निकाल ज्या संप्रदायात पहिल्याच गोष्टीत लागलेला आहे, त्या संप्रदायातला पोरगा गाईसाठी लोणंदहून परत आला. त्याच्या घरादाराबद्दल आणि त्याच्या भक्तीबद्दल आणखी एक विशेषण तरी लागतं का? मी तर म्हणेन जीवनपटाची सुरुवात तिथूनच करा. जन्मतारीख, शिक्षण वगैरे मागाहून एका ओळीत उरकलं तरी चालतं.

तसंच सप्ताहाचं. गावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, हे वाचकांना माहीत आहे. रात्री दोन ते चारचा पहारा घ्यायला माणूस मिळत नाही, हेही ज्यांनी पहाऱ्याची यादी केलीय त्यांना माहीत आहे. तुमचा भाऊ तो पहारा मागून घ्यायचा. का, तर म्हाताऱ्यांना त्या वेळी उभं राहवत नाही, आणि ‘तसंही साडेचारला धारा काढायच्याच असतात, मध्ये झोपून काय करू’. मांडवात एक ट्यूबलाइट, समोर दोघं-तिघं घोंगडीत मुरगळून पडलेले, आणि हा एकटा वीणा घेऊन उभा. त्याचा आवाजही बरा नव्हता, चाल हमखास सुटायची, असं तुम्ही लिहिलंय. तेही छापा. स्मरणिका मांडवात वाचली जाईल तेव्हा टाळकरी हसतील. हसू द्या. ज्याची चाल सुटायची आणि तरी दोन वाजता जो उभा राहायचा, तो पोरगा त्या हसण्यात डोळ्यांपुढे येईल.

टाळांच्या दोरीचं तर मला फार आवडलं. दोरी झिजते, वाटेत तुटते, म्हणून शर्टाच्या खिशात तो कायम नव्या दोरीचे तुकडे ठेवायचा आणि विसाव्याला बसला की शेजारच्याचे टाळ मागून घेऊन ओवून द्यायचा. त्या दिंडीत आज कितीतरी टाळांत त्याच्या हातची दोरी असेल. दिंडीतल्या माणसांना विचारा, ते दाखवतील.

म्हणजे काय करायचं, तर विशेषण मनात आलं की थांबायचं आणि स्वतःला विचारायचं, हे मला कशावरून वाटलं? जे आठवेल ते लिहायचं, विशेषण खोडायचं. एक पान पुरे. दोन झाली तर जास्त होतात.

आणि तुमचं ते एक वाक्य, ‘तो गावी राहिला म्हणून मला पुण्यात राहता आलं’, हे तुम्ही लिहिलंत आणि लगेच पुढच्या ओळीत कार्यक्रमाच्या खर्चाकडे वळलात. तिथं वाचताना मी थांबले. आपल्याकडे घरोघरी हेच आहे. एक भाऊ बाहेर पडतो आणि दुसरा उंबऱ्याला खिळतो, मग बाहेरच्याच्या पगाराचं कौतुक होतं आणि घरच्याचं कष्ट धरूनच चाललेलं असतं. हे वाक्य जीवनपटात जसंच्या तसं घाला, तुमच्या नावानिशी. तुमच्याखेरीज ते कुणी लिहू शकत नाही, आणि ते नसेल तर त्याच्या सत्तावीस वर्षांचा हिशेब अपुरा राहतो. मनाला लागलेली टोचणी त्यानं जाईल असं मी सांगणार नाही. निदान ती योग्य जागी लिहिली जाईल.

आता तुम्ही अडखळत विचारलेला प्रश्न. हरिपाठ सुटलाय, फोटोकडे बघवत नाही, तर मला लिहायचा अधिकार आहे का?

दादा, तुमच्याकडे गाथेचं पारायण होतं असं तुम्हीच लिहिलंय. मग गाथेतले कान्होबांचे अभंग तुमच्या कानांवरून गेले असणार, फक्त तेव्हा गरज नव्हती म्हणून लक्ष गेलं नसेल. कान्होबा म्हणजे तुकोबांचे धाकटे भाऊ. १६५० साली फाल्गुन वद्य द्वितीयेला तुकोबा गेले, आपण ती बीज पाळतो. मागे राहिलेला हा भाऊ रडतो आणि मग देवाशी भांडायला उभा राहतो. कसं? तर माझ्या भावाची भेट घालून दे, नाहीतर तुझ्या चिंधड्या करीन, अशा भाषेत. विठ्ठलाला! आणि ते अभंग कुणी लपवले नाहीत, वगळले नाहीत. तुकोबांच्या गाथेतच ते छापले जातात आणि पारायणात मोठ्यानं म्हटले जातात. फोटोकडे न बघणं हे त्या मानानं फार सौम्य आहे.

त्याच्याही मागे जा. ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली ती शके १२१८च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला, म्हणजे १२९६ साली. परंपरा वय सांगते एकवीस. आपण माउली माउली म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे वय येतच नाही, पण घरातला एकवीस वर्षांचा मुलगा गेला होता. नामदेवांनी त्या दिवसांचं वर्णन अभंगांत करून ठेवलंय, आणि एखाद्याला कसं आठवावं हे शिकायचं असेल तर ते वाचावं. समाधीची जागा झाडायला कोण गेलं इथपर्यंत त्यात आहे: नामदेवांची स्वतःची मुलं. आणि निवृत्तिनाथ? थोरला भाऊ, वर गुरू. ज्यानं बाकीच्यांना सावरायचं तोच कोलमडतो. काही केल्या मन राहत नाही म्हणतो. आई-बाप आम्हाला टाकून गेले तेव्हाही असं झालं नव्हतं, म्हणतो. पेंढीचा आळा सुटावा आणि गवत रानोमाळ पांगावं तसं घर झालंय, असं नामदेव लिहितात. त्यानंतर वर्षाच्या आत सोपानदेव सासवडला, मग मुक्ताई, आणि शेवटी निवृत्तिनाथ त्र्यंबकेश्वरी, अशी ती सगळी भावंडं गेली.

तेव्हा हरिपाठाचं सोडा. वाटेल तेव्हा बसाल, न वाटल्यास नाही बसाल. त्याच्या भक्तीवर लिहायला तुम्हाला कुणी सांगितलेलंच नाही. तुम्ही जे पाहिलंत ते लिहायचंय, आणि पाहिलेलं लिहायला माळ लागत नाही.

वडिलांच्या वाक्याचं अवघड आहे, त्यावर जरा थांबते.

‘त्यानं कधी आमचा शब्द मोडला नाही’ हे छापू नका. सगळ्या गावाला त्या चार महिन्यांचं माहीत आहे. वडिलांनी हप्ता भरायला त्याला न सांगता दोन गाई विकल्या आणि त्यानं बोलणं टाकलं, हे डेअरीच्या रांगेतल्या प्रत्येकाला ठाऊक असणार. मांडवात ते वाक्य वाचलं गेलं तर माणसं खाली बघतील आणि सर्वांत आधी तुमचे वडील बघतील. पण ते भांडणही छापू नका. ते त्या दोघांचं आहे, त्यातला एक आता उत्तर द्यायला नाही, आणि उरलेल्यानं परवानगी दिलेली नाही.

वडिलांना हे वाक्य का हवंय हे तुम्हाला कळतंय, म्हणून तर तुम्ही त्यांना सरळ नाही म्हणू शकत नाही. मग असं करा. सुट्टी काढून दोन दिवस गावी जा आणि संध्याकाळच्या धारेच्या वेळी गोठ्यात त्यांच्यासोबत राहा. खुर्च्या मांडून समोरासमोर बसू नका. आपल्याकडचे बाप तसे बोलत नाहीत, हाताला काम असलं तर बोलतात. स्मरणिकेचा विषय काढू नका. फक्त विचारा, ‘लोणंदवरनं तो आला त्या रात्री नेमकं काय झालं होतं?’ त्या रात्री गोठ्यात दोघंच होते. जे सांगतील ते जीवनपटात त्यांच्या तोंडी घाला: ‘वडील सांगतात…’ एवढ्यानं त्यांना हवं ते मिळेल, आणि ते खरं असेल.

आणखी एक गोष्ट त्यांच्या कानांवर घाला. तुमच्या पत्रात भावजयीचं एकच वाक्य आहे. न बोलण्याच्या त्या चार महिन्यांतही तो रोज सकाळी वडिलांची बीपीची गोळी ताटलीत काढून, वर पेला उपडा घालून ठेवायचा. वडिलांना वाटत होतं, सून ठेवते. हे तुम्हाला माहीत आहे, तिला माहीत आहे, आणि ज्यांना कळायला हवं त्यांना वर्ष होत आलं तरी कुणी सांगितलेलं नाही. तिलाच सांगू द्या. ते छापायचं की नाही हे मग वडील ठरवतील.

यावरून भावजयीकडे येते. पत्रभर ती ‘गप्प असते’. कार्यक्रम वडील ठरवताहेत, मजकूर तुम्ही लिहिताय, फोटो कोणता लावायचा यावर चुलते आणि मामा बोलताहेत. ती सहा वर्षं त्याच्यासोबत राहिली. तिला कुणी विचारलं? गप्प असणाऱ्या माणसाला सहसा कुणी काही विचारलेलं नसतं. जीवनपट छापायला जाण्यापूर्वी पहिल्यांदा तिनं वाचायचा, आणि तिनं खोडलं ते खोडलं. फोटो तिनं निवडायचा. त्या दिवशी प्रतिमापूजनाला ती पुढे असणार की नेहमीप्रमाणे मागच्या बायकांत बसवली जाणार, हा विषय ऐनवेळी निघाला तर तमाशा होईल, म्हणून आधीच तिच्याशी बोलून ठरवा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंदीचा ठराव केला आणि मग राज्य सरकारनं तो इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला, हे वडीलधाऱ्यांना सांगायला उपयोगी पडेल. पण उलटही करू नका. तिला पुढे बसायचं नसेल तर सुधारणा म्हणून तिला ओढून पुढे आणू नका. तिचं ऐकायचं, इतकंच.

पुतणी चार वर्षांची आहे. मोठी झाल्यावर तिला बापाचं फार थोडं आठवेल, बाकी सगळं तुम्ही जपाल तेवढंच. म्हणून स्मरणिकेखेरीज एक वेगळी जाड वही घाला. ती छापायची नाही. तिच्यात डेअरीत फॅट कमी लावली म्हणून त्यानं किटली आपटली तेही येऊ द्या, गाई विकल्याचंही, तो लग्नाआधी तिच्या आईला भेटायला सायकल पंक्चरचं निमित्त काढून जायचा तेही. दिंडीतल्या लोकांना लिहायला सांगा, ज्यांना लिहिता येत नाही त्यांचं फोनवर रेकॉर्ड करून तुम्ही उतरवा. बापाला राग यायचा हे त्या पोरीला कळलंच पाहिजे. नाहीतर उद्या तिला स्वतःचा राग आला की वाटेल, मी कुणावर गेले?

फोनचंही बघा, आणि लवकर. त्याच्या सिमचं रिचार्ज चालू आहे का? बंद असेल तर काही महिन्यांनी तो नंबर दुसऱ्या कुणाला तरी दिला जातो, आणि एखाद्या दिवशी आई सवयीनं फोन लावेल तर पलीकडून परकं माणूस बोलेल. त्याचं व्हॉट्सअ‍ॅप गेलं असलं तरी त्यानं तुम्हाला पाठवलेले आवाजी निरोप तुमच्या फोनमध्ये आहेत. ते, आणि दिंडीतल्या पोरांकडचे व्हिडिओ, दोन ठिकाणी जपून ठेवा. सुटलेल्या चालीचा एखादा हरिपाठ सापडला तर सोन्याहून पिवळं.

आईच्या बाबतीत घाई करू नका. खोली बंद राहू द्या. वर्ष झालं म्हणजे आवरायलाच हवी असा कुठलाही नियम नाही, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या बायका तसं म्हणाल्या तर तुम्ही मध्ये पडा. पण तुम्ही लिहिलंय की त्या रात्र रात्र जागतात आणि जेवण निम्म्यावर आलंय. त्याकडे मात्र ‘दुःख आहे, चालायचंच’ म्हणून बघू नका. सरकारची टेली-मानस म्हणून फोनसेवा आहे, क्रमांक १४४१६. पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. आधी तुम्हीच फोन करून आईचं सांगा, ते पुढची वाट दाखवतील. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचे डॉक्टर असतात, तिथंही दाखवता येईल. आणि खरं सांगू का, तो फोन तुम्ही स्वतःसाठी केलात तरी चालेल.

आता खर्च. इथं मी थोडी फटकळ होते, वडिलांना वाचून दाखवणार असाल तर हा भाग तुमच्या शब्दांत सांगा.

नामांकित कीर्तनकार आणले की फ्लेक्सवर त्यांचा फोटो तुमच्या भावाच्या फोटोच्या दुप्पट येणार. दोन तासांच्या कीर्तनात त्याचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, तेही चिठ्ठीवर बघून. त्यांनी त्याला कधी पाहिलेलं नाही, त्यांचा दोष नाही. पण जिथं कीर्तन करावं तिथं अन्नही घेऊ नये, असं तुकोबा सांगून गेले त्या परंपरेत आज मानधनाचे आकडे काय झालेत हे तुम्हाला माहीत आहे. त्याच्या दिंडीचे विणेकरी, ज्यांनी त्याला ‘वारी मोडली?’ म्हणून विचारलं, ते दहा मिनिटं बोलले आणि बाकी वेळ दिंडीनं हरिपाठ आणि भजन केलं, तर त्याला ओळखणारी माणसं त्याच्याबद्दल बोलतील. जेवण करा. गावजेवणाला माझा विरोध नाही, वारकऱ्याच्या नावानं पंगत पडावी हे बरंच आहे. फ्लेक्स आणि आमदारांचे हार वगळा.

वाचलेल्या पैशांतून पुतणीच्या नावानं पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडा. मुलगी दहा वर्षांची होईपर्यंत ते उघडता येतं, तिचं ते वय जायला वेळ आहे. वर्षाला किमान २५० रुपये भरावे लागतात, जास्तीत जास्त दीड लाख. खातं आईच्या पालकत्वाखाली उघडा, आजोबांच्या नव्हे. आणि भावाच्या बँक पासबुकाची शेवटच्या वर्षाची नोंद काढून बघा. मे-जूनच्या आसपास ४३६ रुपये किंवा २० रुपये कापलेले दिसले तर ते प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते असतात, आणि विमा प्रत्येकी दोन लाखांचा. पुष्कळ घरांत माणूस गेल्यावर कुणाला पत्ताच नसतो की असा विमा होता. उशीर झालाय, तरी बँकेत अर्ज द्या आणि पोच घ्या. ट्रॉलीवाल्याविरुद्ध नुकसानभरपाईचा दावा चुलत्यांनी दाखल केलाय असं तुम्ही लिहिलंय, ते चांगलं झालं. त्याच्या तारखांना भावजयीला सोबत न्या, अर्जदार ती आहे.

तिथी की तारीख, हा तुमच्या घरातला वाद मला अगदी कळतो. यंदा अधिक ज्येष्ठ आला, त्यामुळे तिथी तारखेच्या जवळजवळ तीन आठवडे पुढे गेलीय. वर्षश्राद्ध तिथीलाच होईल, अधिक महिन्याच्या वर्षी मासिक श्राद्धांचं कसं धरायचं ते तुमच्या गुरुजींना विचारा, कारण घराण्याघराण्यांत फरक असतो. मांडव आणि भजनही तिथीलाच ठेवा. पण तारखेला तुम्ही पुण्यात राहू नका. आईला तिथी कळते, तारीखही कळते. त्या रात्री घरी असा आणि दूध घालायला त्या दिवशी तुम्ही जा.

विणेकऱ्यांना मात्र या आठवड्यातच फोन करा. कार्तिकीला ही मंडळी पंढरपूर आणि तिथून आळंदी करतात, मग लवकर कुणी हाती लागत नाही.